नवं पॉइंट २२ स्पोर्ट पिस्तूल सारखं अडकतंय? तपासणी मॅगझिनपासून सुरू करा

एअर पिस्तुलावरून पंचवीस मीटरला आलेल्या नेमबाजाला अडकणाऱ्या राउंडची (भरलेल्या काडतुसाची) सवय नसते. तिथे एकेक छर्रा हाताने ठेवायचा, त्यामुळे ‘फीडिंग’ नावाची, म्हणजे मॅगझिनमधून (राउंड भरायच्या पेटीतून) राउंड आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या खोबणीत) जाण्याची भानगडच नाही. मग परवाना, आयात, कस्टम असं सगळं पार पडून नवं पॉइंट २२ हातात येतं आणि पहिल्याच आठवड्यात तिसरा राउंड रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे चढणाऱ्या उतारावर, नाक घासून उभा राहतो. घरचे विचारतात, एवढे पैसे घातले ते पिस्तूलच खराब निघालं का?

बहुतेक वेळा नाही. आमच्या रेंजवर या तक्रारी माझ्याकडे येतात. दोष सापडतो तो आधी मॅगझिनमध्ये, मग काडतुसात, मग घाणीत, मग हातात, आणि सगळ्यात शेवटी पिस्तुलात. लोक मात्र शोध उलट्या टोकाने सुरू करतात. पहिल्या दिवशी यूट्यूब बघून रॅम्प पॉलिश करायला निघतात. तसं करू नका, कारण मॅगझिन बदलता येतं, घासलेला रॅम्प पुन्हा भरून येत नाही.

हे लिखाण वॉल्थर जीएसपी, पार्डिनी एसपी, हॅमर्ली अशा पॉइंट २२ लाँग रायफल काडतुसावर चालणाऱ्या स्पोर्ट पिस्तुलांसाठी आहे. स्वसंरक्षणाच्या पॉइंट ३२ पिस्तुलाला यातला मॅगझिनचा भाग बराचसा लागू पडतो. बाकीचं जसंच्या तसं उचलू नका.

आधी लक्षण, मग उपाय

‘सर, जाम झालं’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. अडकलं की लगेच बोल्ट (मागेपुढे सरकून राउंड आत ढकलणारा आणि चेंबर बंद करणारा भाग) खेचून मोकळं करायची घाई असते आणि त्या एका झटक्यात सगळा पुरावा जमिनीवर पडतो. नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि नुसतं बघा. कशाचं टोक कुठे आहे?

ट्रिगर दाबला, नुसतं टक झालं आणि चेंबर रिकामं निघालं, तर बोल्ट राउंड न उचलताच त्याच्यावरून पुढे गेला. मॅगझिन पूर्ण बसलं नव्हतं, राउंड वर यायला उशीर झाला, किंवा बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही.

राउंडचं नाक खाली, रॅम्पच्या पायथ्याशी रुतलंय आणि शिशाला खरचटलंय, तर ते नाक खाली घालणं. मॅगझिनची स्प्रिंग, फॉलोअर (राउंडना खालून वर ढकलणारी पट्टी) किंवा भरण्याची पद्धत यांच्याकडे बघा. नाक उलट वर, चेंबरच्या तोंडाच्या वरच्या कडेला टेकलं असेल तर मॅगझिनच्या लिप्स (वरच्या वळलेल्या कडा) राउंडला लवकर सोडतायत.

राउंड जवळजवळ आत गेलाय, पण बोल्ट दोन-तीन मिलिमीटर बंद व्हायचा राहिलाय, तर चेंबरमध्ये घाण असेल किंवा राउंडलाच पोचा असेल. इथे अंगठ्याने जोर लावून बोल्ट बंद करायचा मोह होतो. तो टाळा, कारण पुढे सांगतो.

रिकामी पुंगळी बाहेर पडताना बोल्टमध्ये चिमटली जाऊन धुराड्यासारखी उभी राहिली, तर पुंगळी निघाली पण बाहेर फेकली गेली नाही. रिकामी पुंगळी चेंबरमध्येच राहिली आणि मागून नवा राउंड तिला येऊन धडकला, तर दोष खेचण्याचा आहे. या दोन्हींत मॅगझिन सहसा निर्दोष असतं. लोक तरी त्यालाच बडवतात.

शेवटचं लक्षण दिसायला यांच्यासारखंच, पण जात वेगळी. टक झालं, चेंबरमध्ये राउंड आहे, रिमवर, म्हणजे पुंगळीच्या मागच्या कडेवर, फायरिंग पिनचा ठसाही आहे, पण उडाला नाही. हा मिसफायर. याचा फीडिंगशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट वहीत लिहून ठेवा: कितवा राउंड? दरवेळी पहिलाच अडकत असेल तर मॅगझिन गच्च भरल्यामुळे होणारं घर्षण किंवा रिम एकमेकांत अडकणं याचा संशय घ्यायचा. दरवेळी शेवटचा अडकत असेल तर स्प्रिंगचा जोर संपत आलाय किंवा फॉलोअर वाकडा चढतोय. कुठलाही, कधीही अडकत असेल तर काडतूस, घाण किंवा हात. एवढ्या एका नोंदीने निम्मं काम होतं, पण ती कोणी करत नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

मोकळं करताना

मॅगझिन आधी काढा, मग बोल्ट मागे धरा, मग अडकलेलं काढा. हा क्रम उलटा केला तर काढलेल्या राउंडच्या जागी दुसरा येऊन बसतो.

स्क्रूड्रायव्हर, चाकूचं टोक, किल्ली यातलं काहीही राउंडच्या मागच्या कडेला लावायचं नाही. पॉइंट २२ हे रिमफायर काडतूस आहे. मोठ्या काडतुसात पेटणारा मसाला मधोमध एका छोट्या टोपीत असतो, तर इथे तो पुंगळीच्या कडेच्या घडीत गोल फिरलेला असतो. त्या कडेवर कुठेही टणक वस्तूचा ठोका बसला तर राउंड पेटू शकतो, आणि चेंबरबाहेर पेटलेली पुंगळी फाटून पितळेचे तुकडे उडवते. अर्धवट बंद बोल्ट अंगठ्याने ठोकू नका म्हटलं ते याचसाठी. लाकडी काडी किंवा प्लॅस्टिकची दांडी वापरा. डोळ्यांवर चष्मा असू द्या, अडकलेलं काढतानाही.

मिसफायर असेल तर नळी टार्गेटकडे ठेवून अर्धा मिनिट थांबा आणि मगच बोल्ट उघडा. राउंड कधी कधी उशिरा पेटतो. न उडालेले राउंड रेंजवरच्या वेगळ्या डब्यात टाका, खिशात नाही आणि कचऱ्यातही नाही.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला, ‘फुस्स’ झालं, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्या मागून दुसरी मारली तर नळी फुगते. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं करा, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते मागच्या बाजूने बघा. दिसत नसेल तर पिस्तूल आर्मररकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे. दांडी घालून ठोकत बसू नका.

सरावात हे चालतं. स्पर्धेत मात्र अडकलं की पिस्तूल उघडायचंच नाही. नळी टार्गेटकडे, पकड तशीच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांत बिघाड मान्य होणारा की न होणारा हे अधिकारी पिस्तूल पाहून ठरवतात. तुम्ही आधीच बोल्ट ओढलात तर दावा गेला. रॅपिडमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या वेगवान टप्प्यात, टार्गेट तीन सेकंद समोर आणि सात सेकंद विश्रांती, त्या घाईत हात आपोआप बोल्टकडे जातो. म्हणून ही सवय सरावातच लावून घ्या: आधी हात वर, मग बाकीचं.

फुकटातल्या तपासण्या

मॅगझिन खरंच बसलंय का? क्लिक ऐकू आला म्हणजे बसलं असं नाही. खालून तळहाताने नीट दाबा आणि हलकेच ओढून बघा. नव्या पिस्तुलाचा मॅगझिन कॅच कडक असतो, अर्धवट धरतो. मॅगझिन मिलिमीटरभर खाली राहिलं की बोल्टच्या खालच्या कडेला राउंडची रिम पुरेशी सापडत नाही. ‘चेंबर रिकामं, नुसतं टक’ या तक्रारीचा मोठा वाटा इथेच निकाली निघतो.

ग्रिपमध्ये मॅगझिन जाणाऱ्या पिस्तुलात आणखी एक गोष्ट बघा. लाकडी ग्रिपचा खालचा पाम रेस्ट (तळहात टेकायचा भाग) हाताच्या मापाला वर सरकवलेला असतो, कोणी पुट्टी लावून वाढवलेला असतो. मॅगझिनचा तळ त्याला अडतो आणि शेवटचा मिलिमीटर राहूनच जातो. पाम रेस्ट पूर्ण खाली करून एकदा मारून बघा.

राउंड कसे भरता? हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते नव्या नेमबाजाच्या फीडिंगच्या तक्रारींचं सगळ्यात मोठं मूळ हेच आहे. पॉइंट २२ च्या पुंगळीला मागे बाहेर आलेली कड असते. मॅगझिनमध्ये राउंड एकावर एक बसतात तेव्हा वरच्या राउंडची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असायला हवी. मग बोल्टने वरच्याला पुढे ढकललं की तो सुटतो. वरच्याची कड खालच्याच्या मागे गेली तर ढकलताना ती खालच्या कडेत अडकते, राउंड वाकडा होतो आणि नाक खाली जातं. मॅगझिन तिरकं असतं त्याचा इथे फायदा होतो: मागच्या भिंतीला टेकून बसलेले राउंड आपोआप थोडे थोडे पुढे सरकत वर जातात.

आता लोक काय करतात? अंगठ्याने बाजूचं बटण एकदम तळापर्यंत ओढतात आणि पाचही राउंड वरून सोडून देतात. आत ते मनाला येईल तसे पडतात. बटण एका राउंडपुरतंच खाली घ्या, राउंड मागपर्यंत सरकवा, मग पुढचा. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा हलकी आपटा. टेबलावर नको. वरचा राउंड बोटाने दाबून बघा, तो खाली जाऊन सरळ वर आला पाहिजे. आणि पाचच भरा. मॅगझिनमध्ये जागा जास्त असली तरी पंचवीस मीटरची सीरीज पाचाचीच असते, स्पर्धेत सहावा भरला तर दंड बसतो. सरावातही तीच सवय बरी.

मॅगझिनवर नंबर टाका. नेलपॉलिशचा एक ठिपका, दोन ठिपके, चालेल. मग वहीत तीन रकाने: कुठलं मॅगझिन, कितवा राउंड, काय दिसलं. दोन-तीन सराव झाले की वही स्वतःच बोलते. सगळे दोष दोन ठिपकेवाल्याचे असतील तर पिस्तुलाकडे बघायची गरजच नाही. दोन्ही मॅगझिनमध्ये सारखेच असतील तर मॅगझिन सुटली, पुढे चला. नंबर नसेल तर ‘कधी अडकतं, कधी नाही’ एवढंच हाती राहतं, आणि तेवढ्यावरून आर्मररही काही सांगू शकत नाही.

यापुढचा एक नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. नवी काडतुसं, नवी स्प्रिंग आणि साफसफाई एकाच दिवशी केली आणि पिस्तूल सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही. महिन्याभराने पुन्हा अडकलं की पुन्हा शून्यापासून.

काडतूस

स्पोर्ट पिस्तूल हे साधारणपणे स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसासाठी बांधलेलं असतं. म्हणजे चाळीस ग्रेनची, सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी, वेग सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास. बोल्टचं वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा जोर त्या धक्क्याला जुळवलेला असतो. त्याहून मंद काडतूस घातलं तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही: पुंगळी चिमटते, किंवा पुढचा राउंड उचलला जात नाही. त्याहून जलद, हाय व्हेलॉसिटी घातलं तर बोल्ट मागे आपटतो. अशाने सुरुवातीला पिस्तूल उलट छान चालतं, म्हणून लोक फसतात. काही महिन्यांनी बोल्टचा धक्का झेलणारा बफर चेपतो, मग महागडे भाग जातात. पुस्तिकेत कोणतं काडतूस वापरायचं ते लिहिलेलं असतं. ते पान वाचा.

एकाच कंपनीचं काडतूसही सगळ्या पिस्तुलांना सारखं मानवत नाही. गोळीच्या नाकाचा आकार, वरच्या मेणाचा थर, पुंगळीची लांबी यांत बारीक फरक असतात. एली कंपनीच्या काडतुसावर अडखळणारं पिस्तूल एसके कंपनीच्या काडतुसावर नीट चालताना मी पाहिलंय, आणि याच्या उलटही. आपल्याकडे काडतुसं मिळतील तशी घ्यावी लागतात, हवं ते निवडण्याची चैन नसते, हे मान्य. तरी क्लबच्या नियमांत बसवून एक डबा वेगळ्या बनावटीचा किंवा वेगळ्या लॉटचा मारून बघा. दोष त्या डब्यापुरता नाहीसा झाला तर उत्तर मिळालं. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहा.

राउंड भरण्यापूर्वी नजरेखालून घाला. गोळी पुंगळीत हलतेय, तिरकी आहे, नाकाला पोचा आहे, कड वाकलीय, तर बाजूला ठेवा. अडकलेला राउंड पुसून पुन्हा भरणारे खूप. शिसं मऊ असतं, एकदा रॅम्पवर घासलं की त्याचा आकार गेला.

विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत डबा ठेवला तर गोळीवरचं मेण मऊ होऊन बोटांना लागतं. तेच मेण पुढे मॅगझिनमध्ये आणि चेंबरच्या तोंडाशी जमतं. आणि ते काडतूस आहे, गाडीत बेवारस ठेवायची वस्तूच नाही.

घाण, आणि नव्या पिस्तुलातलं तेल

‘नवं आहे, साफ कशाला करायचं?’ असं विचारणारा दर हंगामात भेटतो. कारखान्यातून पिस्तूल निघतं ते गंज लागू नये म्हणून तेल किंवा ग्रीस फासून. जहाजाने, विमानाने, गोदामात पडून ते इथे येईपर्यंत तेल घट्ट झालेलं असतं. त्यात पहिल्या डब्याचं मेण, शिशाची भुकटी आणि दारूची काजळी मिसळली की चिकट काळा लगदा होतो. पहिला राउंड मारण्याआधी पिस्तूल पुस्तिकेप्रमाणे उघडून पूर्ण पुसून घ्यायचं आणि सांगितलेल्या ठिकाणीच तेलाचा थेंब द्यायचा.

साफ करताना चार जागा. चेंबर: नायलॉनचा किंवा पितळी ब्रश, शक्यतो मागून पुढे, मग कोरडा पॅच. तिथे मेणाचं कडं जमतं आणि त्यामुळेच बोल्ट पूर्ण बंद होत नाही. स्पोर्ट पिस्तुलाचं चेंबर मुळातच घट्ट, त्यामुळे थोडीशी घाणही पुरते. दुसरी जागा बोल्टचा पुढचा चेहरा, जिथे रिम बसते. तिसरी पुंगळी खेचून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची खाच, टूथपिकने कोरून काढा. पुंगळी चेंबरमध्येच राहण्याचं लक्षण इथे पुष्कळदा बरं होतं, कारण नखाखाली काजळी भरली की ते रिमला पकडतच नाही. चौथी जागा रॅम्प, नुसता फडक्याने.

मॅगझिन वेगळं. ते उघडून पुसा आणि कोरडं ठेवा. गंज सोडवणारा स्प्रे मॅगझिनमध्ये मारू नका. त्याने दोन दिवस मॅगझिन सुळसुळीत चालतं, मग ओल्या भिंतींना मेण आणि धूळ धरते आणि फॉलोअर रेंगाळतो. वरळीच्या रेंजसारखी समुद्राजवळची हवा असेल तर स्प्रिंगला तेलाने ओलावलेल्या फडक्याचा एक हात, तोही कोरड्या फडक्याने टिपून. पावसाळ्यात फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका, फोम ओल धरतो.

हे सगळं करताना टेबलावर एकही जिवंत राउंड नको. घरी जिवंत राउंड घालून बोल्ट ओढून बघणं तर कधीच नाही. फीडिंग बघायचंच असेल तर डमी (दारू नसलेले) राउंड वापरा. जिवंत राउंडची परीक्षा फायरिंग लाइनवर, नळी टार्गेटकडे, एवढ्याच ठिकाणी.

हात

पिस्तूल कोचच्या हातात पाच सीरीज नीट चालतं आणि तुमच्या हातात अडकतं, तर वाईट वाटून घेऊ नका, पण उत्तर तेच आहे. पॉइंट २२ चा धक्का मुळात कमी. बोल्ट पूर्ण मागे जायचा तर पिस्तुलाची फ्रेम हातात स्थिर हवी. मनगट सैल असलं की फ्रेमही बोल्टबरोबर मागे जाते आणि तेवढी ताकद वाया जाते. एअर पिस्तुलावरून आलेल्या मुलांत हे फार दिसतं. तिथे धक्का नाही, त्यामुळे शॉट सुटताच पकड सोडायची सवय लागलेली असते. शॉटनंतरही तीन-चार सेकंद पकड आणि मनगट तसंच धरून ठेवायचा सराव केला की पुंगळी चिमटणं पुष्कळ कमी होतं.

अंगठा बोल्टला किंवा बोल्टच्या हँडलला घासतोय का हेही कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. नवीन ग्रिप बसवली असेल तर तिची कड बोल्टला लागते का? अक्रोडाचं लाकूड कोकणच्या पावसात फुगू शकतं. ग्रिपचं लाकूड घासायला हरकत नाही, ते तुमच्याच हातासाठी आहे. धातूला हात लावायचा नाही.

थोडे पैसे लागणाऱ्या तपासण्या

इथवर येऊनही दोष राहिला तर नवं, मूळ कंपनीचं मॅगझिन आणून ताडून बघा. महाग असतं, पण तिसरं मॅगझिन कधीच वाया जात नाही. जुन्या मॅगझिनची स्प्रिंग काढून नव्याच्या शेजारी ठेवा. लांबीत उघड फरक असेल तर स्प्रिंग बदला. ओढून लांब केलेली स्प्रिंग दोन आठवडे चालते आणि नेमकी स्पर्धेत बसते.

लिप्स म्हणजे मॅगझिनच्या वरच्या दोन वळलेल्या कडा. राउंड किती उंचीवर, कुठल्या कोनात आणि कधी सुटणार हे त्या ठरवतात. मॅगझिन फरशीवर तोंडावर पडलं की त्यातली एक किंचित वाकते, डोळ्याला कळतही नाही. चांगल्या मॅगझिनच्या लिप्समधलं अंतर व्हर्नियरने मोजा आणि संशयिताचं मोजा. फरक निघाला तर ते मॅगझिन सरावातूनही बाजूला. पक्कडने वाकवून जमवणारे असतात आणि कधी कधी त्यांना जमतंही. पण वाकवलेला पत्रा हळूहळू परत येतो, मग एक दिवस बरा आणि एक दिवस वाईट असा दोष तयार होतो. त्याच्याइतका त्रासदायक दोष नाही. भरण्याच्या वेळी पायाखाली रबरी मॅट टाका, एवढं तरी करा.

रिकॉइल स्प्रिंग नवी असताना कडक असते. काही पुस्तिकांत सुरुवातीचे काही शे राउंड पिस्तूल बसायला लागतात असं लिहिलेलं असतं. तेवढे होईपर्यंत स्प्रिंगला हात लावू नका. ती कापून हलकी करणं हा मूर्खपणा आहे. त्यामुळे बोल्ट मागे जोरात आपटतो आणि पुढे येताना राउंड ढकलायला कमी जोर उरतो, म्हणजे एका दोषाचे दोन होतात.

नुसतं बघायचं, हात लावायचा नाही

टॉर्च घेऊन चेंबरच्या तोंडाची कड बघा. फायरिंग पिन जिथे आपटते तिथे बारीक खड्डा आणि त्याच्या आत उचललेला धातू दिसतोय का? रिमफायर पिस्तुलात रिकाम्या चेंबरवर ट्रिगर दाबत राहिलं तर काही बनावटींत पिन थेट चेंबरच्या कडेवर बसते. एअर पिस्तुलासारखा घरी तासभर ड्राय फायरिंग करणाऱ्यांची पिस्तुलं अशी येतात. पुस्तिकेत ड्राय फायरिंगची सोय दिली असेल तर तीच वापरा, नाहीतर डमी घालून करा.

रिकाम्या पुंगळ्या गोळा करून रांगेत ठेवा. सगळ्यांवर लांबीच्या दिशेने, एकाच जागी ओरखडा असेल तर चेंबरच्या कडेला धातूची उचललेली बुरी आहे. रिमवरचा ठसा काहींवर खोल आणि काहींवर उथळ असेल तर पिनच्या वाटेत घाण आहे किंवा बोल्ट दरवेळी सारखा बंद होत नाही. ठसा खोल असूनही राउंड उडाला नसेल तर दोष काडतुसाचा. पुंगळी रिमजवळ फुगली किंवा फाटली असेल, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला.

इथे थांबा

ट्रिगर एकदा दाबल्यावर दोन राउंड उडाले. बोल्ट बंद होताना आपोआप शॉट सुटला. सेफ्टी लावूनही हॅमर पडला. बोल्ट पूर्ण बंद नसताना राउंड पेटला. पुंगळी फाटली. नळीत गोळी अडकली. कुठेही तडा दिसला. यातलं एकही एकदा जरी झालं तरी ‘अजून एक सीरीज मारून बघू’ म्हणायचं नाही. पिस्तूल रिकामं करून सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) घाला आणि पेटीत ठेवा.

आणि हे काहीही झालं नाही, पण दोन चांगली मॅगझिन, दोन वेगळी काडतुसं, स्वच्छ चेंबर, कोचचा हात एवढं करूनही तोच दोष येतोय, तर तेव्हाही थांबा. एक्स्ट्रॅक्टरचं नख, त्याची स्प्रिंग, पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर, चेंबरची कड, रॅम्प ही कामं आर्मररची. रॅम्पला पॉलिश पेपर लावू नका, त्याचा कोन पाव मिलिमीटरने बदलला तरी राउंडची वाट बदलते. शिवाय वॉरंटी जाते.

कायद्याचीही बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हे परवाना लागणारं काम आहे. पुसणं, तेल देणं, मूळ मॅगझिन बदलणं ही मालकाची देखभाल झाली. धातू घासणं, भाग बनवून बसवणं ही दुरुस्ती, आणि ती परवानाधारक आर्मरर किंवा विक्रेत्याकडेच. ‘आमच्या गल्लीत एक लेथवाला आहे, हात फार साफ आहे’ हे वाक्य मी कोल्हापुरातही ऐकलंय आणि पुण्यातही. त्याचा हात साफ असेल, पण तुमचा परवाना धोक्यात येतो आणि त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.

पिस्तूल दाखवायला नेताना स्वतः जा, परवाना सोबत ठेवा, मित्राच्या हाती पाठवू नका. वही न्या. दोन्ही मॅगझिन न्या, नंबर न पुसता. अडकलेल्या स्थितीतला फोटो, खराब झालेल्या पुंगळ्या एका पाकिटात, काडतुसाच्या डब्याचं लॉट नंबरवालं झाकण. विक्रेत्याला वॉरंटीचं पत्र लिहायचं असेल तरी हेच कागद लागतात. ‘पिस्तूल नीट चालत नाही’ असं पत्र गेलं की ‘साफ करून पाहा’ असं उत्तर येतं. ‘मॅगझिन दोन, पाचवा राउंड, नाक खाली, दोन बनावटींच्या काडतुसांवर सारखंच, मॅगझिन एकमध्ये एकदाही नाही’ असं गेलं तर बहुधा नवं मॅगझिन येतं.